पाबळचा विज्ञान आश्रम: गिऱ्हाईक असलेली शाळा

शिरूर तालुका म्हटलं की आज रांजणगावची औद्योगिक वसाहत आठवते. शेजारच्या खेड तालुक्यात चाकण. या दोन वसाहतींच्या मधल्या कोरडवाहू पट्ट्यात पाबळ हे गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली इथे राहायला आले, ते गाव दुष्काळी असूनही नव्हे, दुष्काळी होतं म्हणूनच. इथे जमलं तर महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत जमेल, असा त्यांचा हिशेब होता.

कलबागांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली होती आणि हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात ते मोठ्या हुद्द्यावर होते. पन्नाशी उलटल्यावर ती नोकरी सोडून पत्नी मीरा कलबाग यांच्यासह ते पाबळच्या माळावर आले आणि पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली मुलं मंद नसतात, त्यांच्या हातांना शाळेत काम नसतं, एवढंच गृहीतक घेऊन त्यांनी सुरुवात केली. आठवीपर्यंत शिकलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला: ‘ग्रामीण तंत्रज्ञानाची मूलभूत पदविका’. त्याचे विभाग चार. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. प्रत्येक मुलाला चारही विभागांतून जावं लागतं. या अभ्यासक्रमाला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली.

इतर प्रशिक्षण केंद्रांपेक्षा आश्रमाचं वेगळेपण कुठे आहे, ते वेल्डिंगच्या शेडमध्ये कळतं. एरवी वेल्डिंग शिकणारा मुलगा भंगारातल्या दोन पट्ट्या जोडतो, निदेशक त्या बघतात, पट्ट्या परत भंगारात जातात. आश्रमात मुलाच्या हाती येतं ते कुणाचं तरी काम असतं. कुणाला गोठ्यावर पत्रा टाकायचा असतो, कुणाला फाटक हवं असतं. समजा, फाटक आहे. मुलं जाऊन माप घेतात, कागदावर आकृती काढतात आणि मग माल काढायला बसतात. २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरचा अँगल मीटरला साधारण १.१ किलो भरतो, म्हणजे सहा मीटरची एक लांबी साडेसहा किलोंच्या वर गेली. लोखंड वजनावर मिळतं, तेव्हा हा गुणाकार चुकला की दरही चुकला. त्यावर वेल्डिंग रॉड, वीज, कापताना जाणारी घट, रंग, मजुरी. हे सगळं मांडून अंदाजपत्रक गिऱ्हाइकापुढे ठेवायचं आणि त्याने घासाघीस केली तर कुठे कमी करता येईल आणि कुठे नाही, हे त्याला पटवायचं.

मग प्रत्यक्ष काम. चौकट जमिनीवर मांडून आधी गुण्या लावायचा, दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले की चार कोपऱ्यांवर नुसते टाके मारायचे. टाके मारल्यावर कर्ण पुन्हा मोजायचे, कारण तापलेलं लोखंड थंड होताना आखडतं आणि चौकट ओढली जाते. सगळी वेल्डिंग एका कोपऱ्यापासून सलग करत गेलं की फाटक पिळतं आणि बिजागरीत बसत नाही. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे वाक्य आठवीच्या पुस्तकात असतंच. इथे ते चुकलं तर पुन्हा ग्राइंडर मारून टाके तोडावे लागतात, आणि फाटकाचा मालक बाहेर उभा असतो.

कलबागांच्या पद्धतीचं मर्म मला या मालकात दिसतं. मार्कांसाठी केलेलं काम पस्तीस टक्के बरं असलं तरी चालतं. गिऱ्हाइकाला दिलेल्या फाटकाला ती सोय नसते. म्हणूनच आश्रमात शिकवणारा स्वतः धंदा करणारा असावा, आश्रमाच्या साधनांवर त्याने कामं घ्यावीत आणि मुलांनी त्याच्या हाताखाली शिकावं, असा कलबागांचा आग्रह होता. उद्योग आणि शिक्षण यांची सांगड घालायची म्हणून आपण सामंजस्य करार करतो, फोटो काढतो. त्यांनी उद्योगच शाळेच्या आवारात आणला.

आणि तो उद्योग गावच्या गरजेतून आला. पाबळला पाणी नाही, तर पाण्याचा शोध हाच धडा. मुलं भूजलासाठी जमिनीची विद्युत्‌-रोधकता मोजायला शिकली. चार सळ्या एका ओळीत जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळ्यांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोनांतला विद्युतदाब मोजायचा. सळ्यांमधलं अंतर वाढवत नेलं की प्रवाह जास्त खोल उतरतो. कोरडा, अखंड कातळ जास्त विरोध करतो, पाणी धरलेला झिजलेला खडक कमी. आकड्यांचा आलेख कागदावर काढला की विहीर कुठे घ्यावी याचा अदमास येतो. शेतकऱ्यांना ही सेवा पैसे घेऊन दिली जाई. ओहमचा नियम ज्याने असा वापरला, त्याला तो पुन्हा पाठ करावा लागत नाही.

त्रिकोणी चौकटींचा ‘पाबळ डोम’ असाच घडला. त्रिकोण दाबाखाली आपला आकार सोडत नाही, म्हणून कमी लोखंडात भक्कम छप्पर उभं राहतं. १९९३च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर असे डोम तिकडेही उभे राहिले. ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टरही आश्रमाच्या कार्यशाळेतला. २००२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, आली. त्या संस्थेबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. कलबाग २००३च्या जुलैमध्ये गेले. आश्रमाचं काम पुढे चालू राहिलं.

या पद्धतीच्या मर्यादाही मांडायला हव्यात. चार विभाग एका वर्षात शिकलेला मुलगा शतांश मिलिमीटरवर काम करणारा मशिनिस्ट होत नाही. त्यासाठी आयटीआयची दोन वर्षं आणि त्यानंतर कारखान्यातली शिकाऊ उमेदवारीच लागते. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा त्यासाठीच आहे. रांजणगाव-चाकणच्या कारखान्यांना अशी माणसं हवीत आणि ती आसपासच्या गावांतूनच मिळायला हवीत. पण त्या दोन वर्षांना मुलगा कोणत्या तयारीने येतो, हा प्रश्न उरतोच. दहावीपर्यंत ज्याने मोजपट्टी नीट धरली नाही, त्याचे पहिले सहा महिने हातातली भीती घालवण्यातच जातात.

म्हणून आश्रमाचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम म्हणजे शाळांतला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस कार्यशाळेत, शेतात, स्वयंपाकघरात. शिकवायला आसपासचेच कारागीर. मुलींच्या हाती वेल्डिंगचा होल्डर, मुलांच्या हाती लाटणं. केलेल्या कामाचा खर्च वहीत लिहायचा आणि जमेल तिथे गावाला सेवा द्यायची. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसाय शिक्षण आणि स्थानिक कारागिरांकडे दहा दिवस दप्तराविना शिकणं सुचवलं. पाबळने ते दहा दिवसांवर न थांबवता तीन वर्षं, दर आठवड्याला करून दाखवलं होतं.

अडचण येते ती त्या कारागिराच्या मानधनाची. स्वतःचं दुकान एक दिवस बंद ठेवून जो गवंडी किंवा वायरमन शाळेत येतो, त्याची त्या दिवसाची मजुरी तरी भरून निघायला हवी. औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून शाळांना संगणक देतात, भिंती रंगवून देतात. त्याच निधीतून पंचक्रोशीतल्या शाळांमध्ये एकेका कारागिराचा वर्षभराचा पगार उचलला, कार्यशाळेला वापरता येईल असं जुनं पण चालू ड्रिल मशीन दिलं आणि टूलरूममधला एक फोरमन महिन्यातून एकदा मुलांची फाटकं तपासायला पाठवला, तर चार वर्षांनी भरतीच्या रांगेत उभी राहणारी मुलं वेगळी असतील.