जाळ्यात अडकलेल्या कासवाची सुटका

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर जखमी समुद्री कासवे वाहून येतात. त्यांत ऑलिव्ह रिडले अधिक. अनेकांच्या अंगाभोवती मासेमारीच्या तुटलेल्या किंवा टाकून दिलेल्या जाळ्याचा गुंता असतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनचे धागे पाण्यावर तरंगतात आणि कुजत नाहीत. म्हणून हातून सुटलेले जाळे वर्षानुवर्षे प्राणी पकडतच राहते. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. गुंत्याने त्याला पाण्याखाली धरून ठेवले तर ते बुडून मरते. वर राहिले तरी प्रत्येक हालचालीबरोबर धागा मांसात रुततो आणि पायाचा रक्तपुरवठा तुटतो.

अशा कासवाचे जाळे ओढून काढायचे नसते. धागा आणि कातडी यांच्यामध्ये बोथट टोकाची कात्री सरकवून एकेक फास कापतात. खोल रुतलेला धागा मात्र पशुवैद्यासाठी तसाच ठेवतात. कासवाला उताणे करत नाहीत, कारण त्याची फुप्फुसे पाठीकडे असतात आणि पोटातल्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो. सावलीत पोटावर ठेवून पाठीवर ओले फडके घालतात, नाकपुड्या मोकळ्या राखतात. कासव निपचित पडले म्हणून मेले असे धरणे ही फार मोठी चूक ठरते. पाणी छातीत गेलेले कासव, मागची बाजू थोडी उंच ठेवली तर, काही तासांनीही शुद्धीवर येऊ शकते.

पालघर जिल्ह्यात डहाणूला समुद्री कासवांचे शुश्रूषा केंद्र आहे. अशा केंद्रात जखमा धुऊन प्रतिजैविके देतात, एक्स-रे काढून गळ किंवा न्यूमोनिया आहे का ते पाहतात. सडलेला पाय कापावाच लागतो. तीन पायांचे कासव समुद्रात जगू शकते. पण मागचा पाय गमावलेल्या मादीला अंड्यांसाठी खड्डा खणणे जड जाते. इजा अशी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.

पोटातले प्लास्टिक याहून कठीण, कारण पातळ पिशवी एक्स-रेत सहसा दिसत नाही. कासवाच्या अन्ननलिकेत आतल्या दिशेला वळलेले काटे असतात; निसटते भक्ष्य अडवणारे हे काटे गिळलेली पिशवीही परत येऊ देत नाहीत. ऑस्ट्रेलियातील मृत कासवांच्या नोंदींवर आधारलेल्या 2018 च्या अभ्यासानुसार पोटात 14 तुकडे असतील तर मृत्यूची शक्यता 50 टक्के होते. एका तुकड्यानेही ती 22 टक्के असते.

चालू मासेमारीत अडकलेले संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारांना महाराष्ट्र शासन डिसेंबर 2018 पासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देते. ही योजना मोलाची आहे, पण समुद्रात बेवारस फिरणाऱ्या जाळ्यांना ती लागू पडत नाही. ती जाळी किनाऱ्यावर परत आणणे हाच खरा उपाय आहे.

किनाऱ्यावर जखमी कासव दिसले तर त्याला पुन्हा पाण्यात ढकलू नका. अशक्त कासव बुडते. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि माणूस येईपर्यंत त्याच्यावर सावली धरा.