दोन प्लगची लढाई

आकुर्डीच्या बजाज ऑटोने १६ जुलै २००२ रोजी ज्या इंजिनासाठी पेटंटचा अर्ज केला, तेच पुढे ‘डीटीएस-आय’ म्हणून पल्सरमधून घराघरांत पोहोचलं. ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाचा छोटा सिलिंडर आणि त्याला एकाऐवजी दोन स्पार्क प्लग. इंधन-हवेचं मिश्रण दोन बाजूंनी पेटल्याने ज्वलन झटपट होतं. जागा इतकी अरुंद, की एका प्लगला वंगणापासून वाचवायला वेगळी नळी बसवावी लागली. कसब तिथेच होतं.

२००५ मध्ये पेटंट मिळालं. २००७ च्या अखेरीस टीव्हीएसची दोन प्लगची ‘फ्लेम’ मोटरसायकल आली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये बजाजला मनाई हुकूम मिळाला, मे २००९ मध्ये खंडपीठाने तो उठवला. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, पण हिशेब ठेवायला लावला आणि असे दावे लवकर निकाली काढा, असं बजावलं. तरीही तडजोड झाली ती २०१९ मध्ये! वीस वर्षांच्या पेटंटातली दहाहून अधिक वर्षं कोर्टात जाणं हे कुणाच्याच हिताचं नाही.

पण अशी लढाई लढायलाही आधी हाती पेटंट हवं. नवी मुंबईत सीबीडी बेलापूर किंवा तुर्भे एमआयडीसीतल्या संशोधकाचा अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल इथल्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. तो ऑनलाइनही भरता येतो. नवा सुटा भाग प्रदर्शनात मांडण्याआधी किमान तात्पुरता अर्ज नक्की करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात.