पाणी सांडलंय का गं?

अंतर्गत सजावटीच्या व्यवसायात मला पंधरा वर्षे झाली. पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ नागरिक वसाहतीचे काम मिळाले, तेव्हा प्रवेशदालनात मी पांढऱ्या, आरशासारख्या चकचकीत फरशा बसवल्या. फोटो सुरेख आले. पुढे वडील गेल्यावर आई त्याच वसाहतीत राहायला आली. पहिल्याच दिवशी ती दारात थबकली आणि म्हणाली, “अगं, पाणी सांडलंय का गं इथे?”

फरशी कोरडी होती. तिला दिसत होते ते वरच्या दिव्यांचे प्रतिबिंब. त्या प्रश्नाने मला पुन्हा अभ्यासाला बसवले. त्यातून जे कळले ते इथे मांडते आहे.

सुरुवात डोळ्यांपासून करायला हवी. वयानुसार डोळ्याची बाहुली आकसते आणि भिंग पिवळसर, गढूळ होत जाते. विशीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाला मिळतो. म्हणून ज्येष्ठांना उजेड जास्त लागतो. पण गढूळ भिंगात प्रकाश विखुरतो, त्यामुळे उघडा दिवा किंवा चकाकती फरशी त्यांनाच जास्त त्रास देते. उजेड वाढवायचा आणि चकाकी कमी करायची, अशी ही दुहेरी कसरत आहे. झाकलेले दिवे, खिडकीला पातळ पडदा आणि मॅट फरशी यांनी ती साधते.

रंगांचेही तसेच. पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा कमोड अधू नजरेला नीट दिसत नाही. कमोडची बैठक आणि आधाराची दांडी वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाची हवी. उलट सपाट जमिनीवरची काळी पट्टी किंवा गडद पायपुसणे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला खड्ड्यासारखे वाटू शकते. मी आता एक साधा नियम पाळते: जमिनीची पातळी बदलते तिथे रंग बदलावा, बदलत नाही तिथे बदलू नये.

मग येतात सांधे. खोल, मऊ सोफ्यात बसणे सोपे, उठणे अवघड. बैठक सुमारे ४५ सेंटिमीटर उंच असावी, खुर्चीला भक्कम हात असावेत आणि खाली जागा मोकळी असावी. कारण उठताना माणूस पाय मागे घेतो आणि हातांवर जोर देतो. बाथरूमला उंबरठा नको, हलका उतार हवा. चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर अडते.

इतके शिकून मी आईच्या बाथरूममध्ये स्टीलची दांडी लावायला निघाले. ती चिडली. “मी काय आजारी आहे का?” तेव्हा एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांचा १९७६ मधला प्रयोग आठवला. अमेरिकेतील कनेक्टिकटमधल्या एका शुश्रूषागृहात त्यांनी एका मजल्यावरच्या वृद्धांना आपले निर्णय आपणच घ्यायला सांगितले आणि प्रत्येकाला सांभाळायला एक रोपटे दिले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटी मिळाली, पण त्यांना पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे होते. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि सजग दिसू लागली.

मी आईला दुकानात नेले. तिने लाकडी रंगाची दांडी निवडली आणि भिंतीवर स्वतःच्या हाताने उंची दाखवली. देव्हारा कुठे ठेवायचा, हेही तिनेच ठरवले. दांडी तीच, काम तेच. पण आता ती तिची होती.

प्रवेशदालनाबद्दल व्यवस्थापनाशी बोलले, तेव्हा उत्तर मिळाले, “मॅडम, घर बघायला मुलं येतात. त्यांना चकचकीतच आवडतं.” त्यात तथ्य होते आणि मीही त्याच डोळ्यांनी रचना केली होती. शेवटी दारापासून लिफ्टपर्यंतच्या फरशा बदलून द्यायच्या ठरल्या. निम्मा खर्च मी उचलला. चूक माझीच होती.

हल्ली सकाळी आई वर्तमानपत्र आणायला एकटी खाली जाते. भिंतीला हात न लावता.