शेवाळ मेलं, तरी तळं सुटत नाही

कोल्हापूरच्या रंकाळ्याला हिरवं पाणी नवीन नाही. अशा तळ्यावरचा तवंग एखाद्या आठवड्यात ओसरला की लोकांना हायसं वाटतं. सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच.

शेवाळ नाहीसं झालेलं नसतं, मेलेलं असतं. मेलेल्या पेशी फुटतात आणि जिवंतपणी शोषलेला फॉस्फरस काही तासांतच पाण्यात झिरपू लागतो. उरलेलं जिवाणू कुजवतात, त्यातून अमोनिया सुटतो. म्हणजे पुढच्या शेवाळाचं खत तिथल्या तिथे तयार. कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, आणि तो मुळातच बेताचा: 25 अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम. रात्री नवा ऑक्सिजन तयार होत नाही, खर्च मात्र चालूच राहतो. म्हणून मेलेले मासे बहुधा पहाटे तरंगताना दिसतात.

तळाशी याहून वाईट घडतं. गाळातलं लोह फॉस्फेट धरून ठेवतं. ऑक्सिजन संपला की ही पकड सुटते आणि वर्षानुवर्षं साठलेलं फॉस्फेट पाण्यात उतरतं. ‘नाले वळवले, आता वर्षभरात पाणी निवळेल’ ही अपेक्षा त्यामुळेच अनेकदा फोल ठरते. नाले वळवायलाच हवेत, त्याला पर्याय नाही. पण गाळ आपला वेळ घेतो.

मग मोरचूद टाकावा? त्याने शेवाळ मरतं खरं, पण कुजायचं ते सगळं एकदम कुजतं. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशींत विष असेल तर तेही पाण्यात मिसळतं.

‘उकळलं की पाणी पिण्याजोगं’ हेही इथे लागू नाही. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेत एरी सरोवराकाठच्या टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे विष सापडलं. चार लाखांवर लोकांना सांगावं लागलं, पिऊ नका आणि उकळूही नका. उकळल्याने ते नष्ट होत नाही. पाणी आटतं आणि विषाचं प्रमाण वाढतं.

शेवाळ जिवंत असतानाच बाहेर काढणं हा त्यातल्या त्यात शहाणा उपाय. मात्र काढलेले ढीग काठावरच पडून राहिले तर पहिल्याच पावसात त्यांचा रस पुन्हा तळ्यात जातो. तुमच्या गावच्या तळ्यातलं शेवाळ काढलं जाईल तेव्हा ते नेऊन टाकलं कुठे, एवढं जरूर विचारा.