भान हरपलेला रुग्ण: दारू, बाधा की दुखणे?

वरोरा, भद्रावती, चिमूर या पट्ट्यात आणि पुढे गडचिरोलीच्या जंगलभागात एखादी व्यक्ती अकस्मात बरळू लागली, झोपेतून उठेना किंवा रस्त्याकडेला निपचित पडलेली आढळली, की जमलेल्या लोकांत बहुधा दोनच निदाने ऐकू येतात: ‘प्यालेला असेल’ किंवा ‘बाहेरची बाधा आहे’. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठली. पहिल्या निदानावर मात्र बंदीचा काही परिणाम झाला नाही!

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने भान बदलणे हा स्वतंत्र आजार नसून मेंदू संकटात असल्याची खूण आहे. मेंदूला अखंड प्राणवायू आणि साखर लागते. म्हणून डॉक्टर प्रथम श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास व नाडी चालू आहे का हे पाहतात आणि लगेच बोटातील थेंबभर रक्तावर साखर तपासतात. मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिलेला मनुष्य हुबेहूब दारुड्यासारखा अडखळतो, चिडतो, घामाघूम होतो. शिरेतून ग्लुकोज मिळताच असा रुग्ण बहुधा काही मिनिटांत बोलू लागतो. तोंडाला दारूचा वास येत असला, तरी त्याची साखर उतरलेली नाही किंवा डोक्याला मार लागलेला नाही, असे सिद्ध होत नाही.

शुद्ध किती आहे हे मोजण्यासाठी ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या दोन मेंदूशल्यविशारदांनी १९७४ साली एक मोजपट्टी सुचविली. डोळे उघडण्यास ४, बोलण्यास ५ आणि हालचालीस ६ असे जास्तीत जास्त १५ गुण. कमीत कमी ३. गुण ८ वा त्याखाली आले, तर रुग्णाला स्वतःचा श्वासमार्ग राखता येईलच असे नाही. एकाच आकड्यापेक्षा तो तासाभरात घसरतो आहे का, हे अधिक महत्त्वाचे.

कारणांचा शोध ऋतू आणि परिसर पाहून घ्यावा लागतो. पारा ४५ अंशांपुढे गेलेल्या मे महिन्यात अंग तापून बरळणारा रुग्ण उष्माघाताचा असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतीत वारा घालणे तेथेच सुरू व्हावे. पावसाळ्यात ताप व झटके आले, तर फॅल्सिपेरम हिवताप मेंदूपर्यंत पोचला असेल. कपाशीवर फवारणी करून आलेल्याच्या बाहुल्या बारीक व तोंडाला लाळ असेल, तर कीटकनाशकाची विषबाधा. पक्षाघात तर अगदी जवळचा शत्रू आहे: ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांत केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंच्या कारणांत तो पहिला आढळला, सुमारे सातांत एक.

मण्यारीचा दंश विशेष फसवा असतो. ती रात्री जमिनीवर निजलेल्यांना चावते; वेदना वा सूज फारशी नसते. पहाटे पापण्या मिटू लागतात, बोलता येत नाही, पुढे श्वास मंदावतो. पाहणाऱ्याला रुग्ण बेशुद्ध वाटतो, पण पुष्कळदा तो सारे ऐकत असतो; केवळ स्नायू लुळे पडलेले असतात. अशा उशाशी मरणाच्या गोष्टी बोलू नयेत. सर्पदंशावर औषधोपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आमच्याकडेही लोक ‘फादर, प्रार्थना करा, बाधा झाली आहे’ म्हणत येतात. ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट आहे: धर्मशिक्षा ग्रंथाच्या १६७३ व्या परिच्छेदानुसार आजार, विशेषतः मानसिक आजार, हा वैद्यकशास्त्राचा विषय असून भूतनिस्सारणापूर्वी तो आजार नाही याची खात्री करून घ्यावी लागते.

रुग्ण स्वतः बोलू शकत नाही, तेव्हा सोबत्याची साक्ष अर्धी तपासणी असते. तो शेवटचा नीट कधी बोलला, ती वेळ सांगा. पक्षाघातात गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. घरातील गोळ्यांच्या पट्ट्या, फवारणीचा डबा सोबत न्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, साखर, कांदा काहीही घालू नका. श्वास चालू असेल, तर त्याला कुशीवर वळवा. पडून मार लागला असेल, तर मान हिसडू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. रस्त्यावरील अनोळखी जखमीला पोचविणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, हे आजच्या दयाळू शोमरोन्यांना ठाऊक असावे.

आजाऱ्यांचा तैलाभ्यंग बेशुद्ध श्रद्धावंतालाही देता येतो, आणि तो रुग्णालयातही देता येतो. फादरांची वाट पाहत गाडी अंगणात उभी ठेवू नये. फादर मागून येतील.