सख्यभक्ती आणि ख्रिस्ती मैत्री

दासबोधाच्या चौथ्या दशकातील आठव्या समासात रामदास देवाचे सख्य इच्छिणाऱ्याला जिवलगांचा वियोग, प्रसंगी प्राणार्पणही पत्करायला सांगतात. योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात दिशा उलटी आहे : मित्रांसाठी प्राण देण्याची गोष्ट तेथे प्रभूच बोलतो आणि दासांना मित्र म्हणतो. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नव्या कराराची प्रत लाभलेले नारायण वामन टिळक या दोन्ही परंपरांचे वारस. १८९५ मधील त्यांच्या बाप्तिस्म्याने घर दुभंगले. ख्रिस्ताच्या सख्याचे मोल असे रामदासी हिशेबानेच द्यावे लागले. मात्र त्यातील मोठा वाटा, माझ्या मते, लक्ष्मीबाईंनी उचलला, तोही ख्रिस्त त्यांचा सखा झालेला नसताना. त्यांनी १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या निधनाने १९१९ मध्ये अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही पुढे त्यांनीच पूर्ण केले.