पेनड्राइव्हमधले फोटो गेले?

बारशाचे फोटो दुकानातून प्रिंट करून आणले, घरी पेनड्राइव्ह लावला, तर प्रत्येक फोल्डरवर छोटा बाण! मैत्रिणींनो, हा 'शॉर्टकट व्हायरस'. यात फोटो सहसा पुसले जात नाहीत, नुसते लपवले जातात. कुणी 'फॉरमॅट मारा' म्हणालं तर थांबा. फोटो खरे जातात ते तिथेच. बाणवाल्या फोल्डरवर क्लिकही नको, त्यानेच व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरतो. विंडोजमधल्या डिफेंडरने (तो फुकटच असतो) पेनड्राइव्ह आणि कॉम्प्युटर दोन्ही तपासा. मग 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण करा. तरी दिसेनात, तर फोल्डर ऑप्शन्समधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण तात्पुरती काढा. फोटो सापडले की आधी ते कॉम्प्युटरवर कॉपी करा, मगच फॉरमॅट. दुकानात नेताना प्रिंटपुरतेच फोटो वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या.